एका खांबावरच्या दोन टपालपेट्या

आमच्याकडे पुढचं गाव आधी दिसतं आणि मग बराच वेळ येतच नाही. उत्तर मोंटानाचा हा मुलूख पोळपाटासारखा सपाट. त्यावर आगगाडीचे रूळ, रुळांना धरून रस्ता, आणि रस्त्याच्या टोकाला पुढच्या गावाचा धान्य साठवायचा मनोरा, पांढरा, दुधाच्या दातासारखा. गाडी हाकत राहावं, मनोरा तेवढाच. थर्मासमधली कॉफी संपते, रेडिओवरचं गाणं संपतं, मनोरा तेवढाच. मग शेजारच्या सीटवरच्या माणसाला डुलकी लागते, आणि डोळे उघडून बघावं तर गाव एकदम अंगावर आलेलं असतं.

आर्डिस टोलेफ्सनला पासष्टावं वर्ष असं दिसायचं. लांबवर, पांढरं, उन्हात उभं.

बायका वय चोरतात. हिचं उलटं. त्रेसष्ट चालू असताना ही "पासष्टाला टेकले" म्हणून सांगायची. चर्चच्या तळघरात कॉफी पिता पिता एखादी म्हणाली, "आर्डिस, तू काही तेवढी दिसत नाहीस बाई," की ही खट्टू.

"असं नको गं बोलूस. दिसू दे की मला."

आर्डिसचा धंदा नावं रंगवायचा. गव्हाच्या ट्रकच्या दारावर मालकाचं नाव, फाटकाशी टपालपेटीवर आडनाव, धान्याच्या पत्र्याच्या कोठीवर बाप आणि मुलगे. हल्ली यंत्रातून कापून निघालेली चिकट अक्षरं मिळतात, पण आमच्याकडचे दोन हिवाळे गेले की ती उन्हातल्या पापडासारखी कड सोडतात. मग लोक गुपचूप आर्डिसकडे येतात. ब्रश हातात आला की तिचा हात दगडी. बाकी वेळी बाई ढगात. एकदा एक शेतकरी तिच्या अंगणात ट्रक लावून जेवायला गेला. परत आला तर दार कोरंच, आणि ही समोर बादली उपडी घालून तिच्यावर बसलेली.

"काय झालं गं?"

"तुझं आडनाव आज झोपलंय. उद्या रंगवते."

तोही गेला मुकाट्यानं. दुसऱ्या दिवशी जे नाव उमटलं ते अजून तसंच आहे. ट्रक गंजला, नाव नाही.

ड्वेन स्टेनरूड तिच्याकडे आला तो एका नावापायीच. रेल्वेत जन्म काढलेला माणूस, लांब पायांचा, बोलण्याला हळू. जमीन दुसऱ्याला खंडानं दिलेली. बायको कॅरल वारून वर्ष झालं होतं.

"पेटीवरनं कॅरलचं नाव काढायचंय," तो म्हणाला. "पण खरवडू नकोस."

"मग काढू कसं?"

"ते तू बघ. धंदा तुझा."

आर्डिसनं खरवडलं नाही. वरून रंगाचे दोन पातळ हात दिले आणि त्यावर नुसतं 'ड्वेन स्टेनरूड' लिहिलं. दिवसा पेटी साधी दिसते. संध्याकाळचं ऊन तिरकं पडलं की खालचं कॅरल हलकेच वर येतं, पाण्याखालच्या गोट्यासारखं. ड्वेननं ते पाहिलं, बराच वेळ पाहिलं. पैशांबरोबर घरच्या गाजरांची एक पिशवी दिली. आमच्याकडे एवढं झालं म्हणजे बरंच बोलणं झालं.

पुढच्या वर्षी आर्डिसच्या छातीत गाठ निघाली. शहरातलं हॉस्पिटल दोन तासांवर. कापाकापी झाली, मग रेडिएशन, आणि त्या सगळ्या हिवाळ्यात ड्वेन तिला नेत राहिला, आणत राहिला. शेजारच्या सीटवर डुलकी लागणारं माणूस म्हणजे तीच. काचेला कपाळ टेकून, अर्धवट झोपेत, ती तो मनोरा बघत राहायची, आणि तिथंच कधीतरी तिला वाटायला लागलं की म्हातारपण हे एक गाव आहे, तिथं दिवे लागलेत, आणि आपण पोहोचतोय की नाही एवढाच काय तो प्रश्न.

उपचार संपले तोवर तिच्या घरातल्या पाण्याच्या नळ्या थंडीनं फुटल्या होत्या. ड्वेन म्हणाला, "राहा माझ्याकडं. नळ्या वसंतात बघू." वसंत आले आणि गेले. नळ्या कुणी बघितल्या नाहीत.

आता विम्याचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं समजायचं नाही. विमा-सुधारणेचा तो सरकारी कायदा येण्याआधी आपलं आपण कमावून खाणाऱ्या बाईला विमा कोण देतो? आणि गाठ निघालेलीला तर कंपनीवाले दारात उभं करत नसत. कायद्यानं ते दार उघडायला लावलं. आजारी माणसाला नाही म्हणायचं नाही. आर्डिस हे विसरली नाही. कॉफीच्या टेबलावर पुरुष कायद्याला शिव्या घालायला लागले की ती मध्येच म्हणायची, "त्याच्यामुळं जिवंत आहे रे मी. तुझ्या कोठीवर नाव कुणी लिहिलं असतं? तुझ्या मेव्हण्यानं?" पण दार उघडलं तसा उंबरठाही दरवर्षी चढत गेला. हप्ता वाढला, मग आणखी वाढला, वय होत आलेल्यांचा तर चढत्या भाजणीनं. मोठा वाटा सरकार भरायचं म्हणून झेपत होतं. मग एका वर्षापासून नियम पुन्हा आवळला: घराची मिळकत अमुक रेषेच्या आत असेल तर सरकारची मदत, रेषेच्या वर एक डॉलर गेला की मदत साफ बंद, अख्खा हप्ता तुमच्या उरावर.

हिवाळ्याच्या तोंडाला विम्याचा कागद भरायला आर्डिस मोठ्या गावातल्या ग्रंथालयात गेली. तिथं मदतीला एक बाई संगणक घेऊन बसायची.

"घरात कोण कोण?" बाईनं विचारलं.

"मी. आणि ड्वेन."

"ड्वेन कोण तुमचे?"

"ड्वेन म्हणजे... ड्वेन."

"नवरा?"

"अजून नाही. जानेवारीत करू म्हणतोय."

बाईची बोटं थांबली. तिनं ड्वेनची मिळकत विचारली, रेल्वेचं पेन्शन, जमिनीचा खंड. मग पडदा आर्डिसकडे वळवला. "लग्न झालं तर दोघांचं एकत्र धरतात. रेषा ओलांडता तुम्ही. मग हप्ता हा."

"हा वर्षाचा?"

"महिन्याचा."

आर्डिस त्या आकड्याकडे तशीच बघत राहिली, झोपलेल्या आडनावाकडे बघावं तशी.

"ते किती वर्षांचे?" बाईनं विचारलं.

"अडुसष्ट."

"म्हणजे त्यांना मेडिकेअर आहेच, म्हाताऱ्यांचा सरकारी विमा. तुम्हालाही पासष्टाला लागेल. मग खुशाल लग्न करा, कुणी आडवं येणार नाही. तोवर थांबा." बाईनं आवाज जरा खाली आणला. "आणि एक सांगते. आपल्या राज्यात दोघं एका छपराखाली राहिले आणि चारचौघांत नवराबायको म्हणून वावरले, तर सहीबिहीशिवायही लग्न झालंय असं धरता येतं. तेव्हा जपून."

"जपून म्हणजे कसं?"

"म्हणजे कुणी मिसेस स्टेनरूड म्हणून हाक मारली, तर ओ देऊ नका."

दुसरी एखादी म्हणाली असती, कोण येतंय बघायला. पण लहानपणी खोटं बोलली म्हणून आजीनं आर्डिसच्या तोंडात साबण घातला होता, आणि ती चव तिच्या जिभेवरून कधी गेली नाही. कागदावर नाही लिहायचं आणि गावात हो म्हणून मिरवायचं, हे तिला जमेना. "मला तोंड एकच आहे," असं ती ड्वेनला म्हणाली. "बायको नाही म्हटलंय, तर नाहीच राहावं लागेल. नीट."

आणि ती नीट बायको नाही राहिली. आपल्या जुन्या घराची टपालपेटी उपटून आणली, कोऱ्या पांढऱ्या रंगावर निळ्यानं 'आर्डिस टोलेफ्सन' लिहिलं, आणि ड्वेनच्या पेटीशेजारी त्याच खांबावर ठोकली. टपालवाल्यानं गाडीच्या खिडकीतून मान बाहेर काढली.

"दोन पेट्या झाल्या, आता कुत्रीही दोन ठेवणार का? एकच चावतं ते पुरे आहे मला."

धान्याच्या मनोऱ्यावर वजनकाट्याशी बसणारा माणूस ओरडायचा, "मिसेस स्टेनरूड, ट्रक पुढं घ्या!" ही काच खाली करून, "टोलेफ्सन!" चर्चच्या जेवणाला सगळ्याजणी आपल्या भांड्याच्या बुडाला नावाची चिकटपट्टी लावतात, नाहीतर भांडी बदलून जातात. ड्वेनच्या घरून एकाच भट्टीत भाजलेली, बटाटे आणि खिमा घातलेली दोन भांडी यायची, दोन बुडांना दोन नावं. प्रार्थनेला बाकावर दोघं शेजारी बसायची, पण मध्ये आर्डिसचा कोट. तो कोटही असा ठेवलेला की जणू तिसरं माणूस.

"काय रे ड्वेन," कॉफीच्या टेबलावर कुणीतरी डिवचायचं, "कोटाशी लग्न लागलं का काय तुझं?"

"कोट बरा आहे," ड्वेन म्हणायचा. "घोरत नाही."

पण का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. पैशाचं आणि दुखण्याचं चारचौघांत बोलायचं नाही, अशी आमच्या नॉर्वेहून आलेल्या पणज्यांपासूनची रीत. कसं काय विचारलं तर "वाईट नाही" म्हणायचं. या "वाईट नाही"त न्युमोनियापासून लॉटरीपर्यंत सगळं बसतं. म्हणून आर्डिस बोलली नाही, ड्वेन तर नाहीच नाही, आणि मोकळ्या राहिलेल्या त्या जागेत लाव्हॉन ब्रेकनं आपल्या मनानं एक गोष्ट रचली.

लाव्हॉन आमच्या गोधडी मंडळाची म्होरकी. आवाज मोठा, हात मोठे, मन त्याहून मोठं, आणि तिन्हींना लगाम नाही. तिच्या मनानं घेतलं की आर्डिस लाजतेय. लग्नाशिवाय एका घरात राहते म्हणून स्वतःला खालची समजते, म्हणून तो कोट, म्हणून ती वेगळी भांडी. बिचारीला चर्चनंच मोकळं करायला हवं.

त्या वर्षी चर्चला शंभर वर्षं भरत होती आणि आम्ही बायका एक मोठी गोधडी शिवत होतो. घरटी एक चौकोन, चौकोनात घरातल्यांची नावं. अक्षरं आर्डिसनं खडूनं काढून दिली, आम्ही त्यावर निळ्या दोऱ्यानं टाके घातले. ड्वेनचा चौकोन वेगळा, तिचा वेगळा, वरच्या ओळीत कडेला. लाव्हॉननं काय केलं, तर शेवटच्या आठवड्यात गोधडी घरी नेली. ते दोन चौकोन काढून टाकले आणि एक नवा लावला. वर 'ड्वेन', खाली 'आर्डिस', आणि दोन्ही नावांना पोटाशी घेऊन तळाला 'स्टेनरूड'. अक्षरं आर्डिसच्याच वळणाची. रात्र रात्र बसून गिरवली होती, चष्मा नाकावर घसरेपर्यंत.

शंभर वर्षांचं जेवण नोव्हेंबरअखेरीस, राखेच्या क्षारात भिजवलेल्या माशाचं. आमचे लोक वर्षातून एकदा हा मासा खातात आणि वर्षभर त्याला हसतात. तळघरात वाफ, वितळलेलं लोणी, बटाट्याच्या पातळ पोळ्यांच्या चवडी. बाहेर दुपारपासून आभाळाच्या पश्चिम कडेला चिनूकची ढगांची कमान दिसत होती. चिनूक म्हणजे डोंगर उतरून येणारा आमचा ऊबदार वारा. भर हिवाळ्यात तो एका संध्याकाळीत गुडघाभर बर्फ पिऊन टाकतो. असा वारा सुटणार असला की माणसं जरा भरकटल्यासारखी वागतात, असं आम्ही मानतो.

आमच्या चर्चच्या पास्टर बाई हॉलीनं वरची चादर ओढली. गोधडी दिसली, टाळ्या झाल्या. साप्ताहिकाचा माणूस कॅमेरा घेऊन पुढं झाला. आर्डिस एकेक चौकोन वाचत येत होती. आपली खडूची अक्षरं दोऱ्यात कशी बसलीत ते बघायची तिला हौस.

"आर्डिस! ड्वेन! इकडं या दोघं," लाव्हॉन गरजली. "तुमच्या चौकोनापाशी उभे राहा. पहिला फोटो तुमचा!"

आर्डिस थांबली. वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे मी काढलं नव्हतं."

"मी काढलं!" लाव्हॉनचा चेहरा दिव्यासारखा फुललेला. "तुझ्याच अक्षरावरून. ओळखू तरी येतंय का?"

"लाव्हॉन, हे उसव."

"लाजतेस काय अशी नव्या नवरीसारखी! आम्ही सगळ्यांनी मानलंय तुला त्याची बायको."

"मी नाहीये त्याची बायको."

"अगं पण—"

"नाही. नाहीये मी ड्वेनची बायको." हे ती साप्ताहिकाच्या माणसाकडे बघून म्हणाली, स्पष्ट, एकेक अक्षर रंगवल्यासारखं.

ताटांतलं लोणी थिजायला लागलं. ड्वेन पोळ्यांची थाळी हातात घेऊन मध्येच उभा होता. त्यानं ती जवळच्या टेबलावर ठेवली, हळू, आवाज होऊ न देता. मग खुंटीवरचा आपला कोट घेतला आणि जिना चढून बाहेर गेला.

आर्डिसनं त्याला जाताना बघितलं. आणि मग तिनं जे केलं ते त्या तळघरात शंभर वर्षांत कुणी केलं नव्हतं. तिनं आकडा सांगितला.

"चौदाशे डॉलर," ती म्हणाली. "महिन्याला. त्याची बायको झाले तर माझ्या विम्याचा हप्ता. तेवढं मी कमवत नाही. विमा सोडला आणि गाठ परत आली, तर ड्वेन जमीन विकेल. मला न विचारता विकेल, ओळखते मी त्याला. म्हणून पासष्टापर्यंत बायको नाही. चौदा महिने आहेत अजून. आता सांगितलं. बसा, जेवा."

कुणी जेवेना. आकडा वाफेत लोंबकळत राहिला. मग मागच्या टेबलावरून मधमाश्या पाळणारा एक म्हातारा घसा खाकरून म्हणाला, "आमचा दोघांचा अडीच हजार."

"आम्ही यंदा सोडला," त्याच्या पलीकडून एक बाई म्हणाली, ताटाकडे बघत. "पोरांचा ठेवलाय. आमचा नाही."

"मी ट्रक चालवायला जातो रात्रीचा," आणखी कुणी. "लोकांना वाटतं हौस. विम्यासाठी जातो."

असं एकेक. रविवारी प्रार्थनेत आजाऱ्यांची नावं घेतात, तशा सुरात माणसं आपले आकडे घेत गेली. वर्षानुवर्षं शेजारच्या बाकावर बसलेली, एकमेकांच्या गाई-वासरांची दुखणी माहीत असलेली ही माणसं; पण हे कुणाला कुणाचं माहीत नव्हतं. बाहेर वारा सुटला होता. छपरावरून पहिलं पाणी टपकायला लागलं.

लाव्हॉन खुर्चीवर चढली होती. डोळे पुसायला तिला हात मोकळा नव्हता, कारण एका हातात गोधडीचा काठ आणि दुसऱ्यात कात्री. "मेली मी एक मूर्ख," ती म्हणत होती, "विचारायचं तरी एकदा, थेट विचारायचं..." टाका टाका करत तिनं चौकोनातलं 'आर्डिस' उसवलं. दोरा गेला, सुईची भोकं राहिली. दिव्याच्या तिरक्या उजेडात बारीक भोकांचं एक आर्डिस अजून दिसत होतं.

"भोकं चालतील का हो?" लाव्हॉननं पास्टरना विचारलं.

पास्टर हॉली चष्मा काढून जवळ गेली. "भोकं वाचायची तर कायद्याला माझ्याहून जाड चष्मा लागेल."

लाव्हॉननं निळा दोरा ओवलेली सुई त्या रिकाम्या जागी टोचून ठेवली. "राहू दे इथंच. कुणी हात लावायचा नाही. चौदा महिन्यांत गंजत नाही ती."

आर्डिस बाहेर आली तेव्हा ड्वेन ट्रकमध्ये बसला होता, इंजिन चालू ठेवून. ती शेजारी बसली, मध्ये सवयीनं आपला कोट ठेवून. रस्ता ओला, काळा, चकचकीत. दोन्ही बाजूंनी बर्फ आत ओढलेल्या श्वासासारखं खाली बसत चाललेलं. हवेला एकाएकी मातीचा वास. समोर लांबवर पुढच्या गावाचा दिवा.

गावाबाहेर आल्यावर ड्वेन बोलला. "मला कारण माहीत आहे. कारणाचं काही नाही."

"मग?"

"बोललीस तू फार स्वच्छ."

आर्डिसनं काचेला कपाळ टेकलं.

"मला एवढंच वाटतं," तो म्हणाला, "कधीतरी कुणीतरी मला म्हणावं, तुझी बायको अशी, तुझी बायको तशी. काहीही. आणि तू शेजारी असावीस, आणि गप्प बसावंस."

तिनं मधला कोट उचलला आणि मांडीवर घेतला. "थांबशील?"

"मालगाडीवर होतो मी," ड्वेन म्हणाला. "जन्मभर बाजूच्या रुळावर उभं राहून दुसऱ्यांच्या गाड्या जाऊ दिल्या. थांबण्याचंच पेन्शन खातोय."

तिला हसू आलं, आणि मग डुलकी.

त्यानंतरचं वर्ष आमच्या गावानं आर्डिसचं म्हातारपण वाढवण्यात घालवलं. रस्त्यात कुणीही विचारायचं, "झालीस का म्हातारी?" ती म्हणायची, "चाललंय, चाललंय." कुणी लोकरीची शाल विणून दिली, कुणी भिंग दिलं, मधमाश्यावाल्यानं आपल्या मेलेल्या आईची काठी आणून दिली. आर्डिस ती काठी ब्रशच्या हाताला आधार म्हणून वापरायला लागली. वजनकाट्यावरचा माणूस आता मुद्दाम ओरडायचा, "ए टोलेफ्सन! स्टेनरूडशी अजिबात संबंध नसलेली टोलेफ्सन! ट्रक पुढं घे!"

उन्हाळ्यात, गहू पिवळा पडायला लागला तेव्हा, तपासणीत एक सावली दिसली. सुई घालून तुकडा काढला. उत्तर येईपर्यंत आर्डिसनं एका कोठीवर एकच अक्षर काढलं आणि शिडीवर बसून राहिली, ढगांच्या सावल्या गव्हावरून जाताना बघत. खाली ड्वेन शिडी धरून उभा. सबंध गावानं त्या रस्त्यानं जाताना गाडी हळू केली. सावली निघाली ती नुसती सावलीच. बिल आलं ते बघून ड्वेन भिंतीला टेकला. विम्यानं ते भरलं. तिच्या वाट्याला जे उरलं ते तिनं त्याच कोठीच्या उरलेल्या अक्षरांतून फेडलं.

आणि डोळे उघडून बघावं तर गाव अंगावर आलेलं, तसं एका जानेवारीत तिला पासष्ट लागलं.

लग्न वाढदिवसाच्याच दिवशी. पुन्हा चिनूक सुटलेला. चर्चच्या सगळ्या पागोळ्या एकदम बोलायला लागलेल्या. रंगीत काचांतून उजेड ओला होऊन आत येत होता, आणि माणसं अर्धवट झोपेत हसावं तशी हसत होती. आर्डिसनं निळा झगा घातला होता, अंगठ्याच्या नखाला पांढरा रंग तसाच. ड्वेन इतका ताठ उभा की जणू सिग्नल पडायची वाट बघतोय.

पास्टर हॉलीनं त्याला विचारलं. तो हो म्हणाला, त्याच्या मानानं घाईत.

मग तिनं आर्डिसला विचारलं, "आर्डिस टोलेफ्सन, या ड्वेनची बायको व्हायला तू—"

"नाही," आर्डिस म्हणाली.

पागोळ्यासुद्धा थांबल्या असतील. लाव्हॉनच्या तोंडातून एक बारीक किंकाळी निघाली. आर्डिसनं दोन्ही हात तोंडावर दाबले होते, डोळे मोठे झाले होते. इतके महिने जी जीभ तयार केली होती, ती आपली आपण चालून गेली होती.

"सवय हो," ती हातांमागून म्हणाली. "सवय झालीय. परत विचारा."

ड्वेन हसत होता. त्याला असं हसताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं; खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी. पास्टरनं परत विचारलं. या वेळी आर्डिसनं आधी ओठ नीट जुळवले, कोऱ्या पेटीवर पहिली रेघ ओढण्याआधी हात स्थिर करावा तसे, आणि मग हो म्हणाली.

खाली तळघरात लाव्हॉननं सुई उचलली. खरंच गंजली नव्हती. भोकं तयारच होती, दोरा त्यांतून वाट माहीत असल्यासारखा गेला.

टपालपेट्या अजून दोन आहेत. ड्वेन पाना घेऊन निघाला होता, आर्डिसनंच अडवलं. म्हणाली, रंग अजून चांगला आहे, राहू दे. त्या आठवड्यात दोघं मनोऱ्यावर गेली होती. ड्वेन वजनकाट्याच्या खोलीत पावती घ्यायला उभा, आणि आर्डिस दारातच, पाठ त्यांच्याकडे, वितळत्या शेतांवरच्या ढगांकडे बघत.

"ड्वेन," काट्यावरचा माणूस पावतीतून डोकं वर न काढता म्हणाला, "तुझी बायको दारात उभी आहे, तिला म्हणावं जरा सरक. वारा आत येतोय सगळा."

ड्वेननं दाराकडे बघितलं.

आर्डिस सरकली नाही. वळलीही नाही. गप्प उभी राहिली, आणि वारा आत येत राहिला.